विचारलं तेवढंच

"एकेचाळीस," हर्डीकर सर म्हणाले, आणि वर्गातल्या निम्म्या माना खिडकीकडच्या बाकाकडे वळल्या.

एकेचाळीस नंबर मगदूमकाकांचा. ते उठून उभे राहिले. पांढरा शर्ट, खिशाला पेन, नाकावर स्वतःच्याच दुकानातला जाड काळ्या फ्रेमचा चष्मा. आमचं लॉ कॉलेज सकाळचं होतं. नोकरीधंदा सांभाळून माणसं शिकायला यायची, त्यामुळे वर्गात बँकेतले क्लार्क होते, शाळामास्तर होते, एक फौजदारसुद्धा होता. आणि माझ्यासारखी नुकतीच बी.ए. झालेली पोरं. पण पन्नाशी ओलांडलेले एकटे मगदूमकाकाच. प्राध्यापक सोडून बाकी सगळे त्यांना काकाच म्हणायचे.

"मगदूम, परवा दिलेला खटला. हकीकत सांगा. काय घडलं?"

काकांनी तोंड उघडलं. ओठ हलले, पण आवाज काही बाहेर पडला नाही.

"वाचलाय ना?"

काकांनी मान हलवली.

"मग सांगा."

पुन्हा ओठ हलले. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. काकांची मान लाल झाली होती.

"बरं, बसा," सर म्हणाले.

तेव्हा मात्र आवाज फुटला. "नको सर. सांगतो. जरा थांबा."

"मी थांबेन हो. तास थांबणार नाही. तेरदाळे, तुम्ही सांगा."

मी उठले आणि धडाधड सांगितलं. मला ते जमायचं. शाळेपासून वक्तृत्वाच्या ढाली आणत आले होते, आणि हर्डीकर सरांना काय हवं असतं ते पहिल्या महिन्यातच ओळखलं होतं. सर स्वतः कोर्टात उभे राहणारे वकील होते. निकाल इंग्रजीत वाचा, म्हणायचे, पण सांगा मराठीत, तुमच्या आजीला कळेल असा. हातात कागद नको. आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला पाहिजे. आधी उत्तर द्या, कारण मागून द्या. आणि विचारलं तेवढंच बोला, जास्तीचा शब्द पुढे तुमच्याच गळ्यात येतो.

माझं झालं. सर "ठीक" म्हणाले. मी बसले, आणि बघते तर काका अजून उभेच. सरांनी दोनदा खूण केली, तरी बसले नाहीत. तास संपल्याची घंटा होईपर्यंत तसेच, दोन्ही हात बाकावर टेकून, फळ्याकडे बघत उभे राहिले.

सायकल स्टँडवर त्यांनी मला गाठलं.

"तू कुठली गं?"

"जतची. इथं हॉस्टेलला राहते."

"तुझी छाती धडधडत नाही का, उभं राहिलं की?"

"धडधडते की. पण बोलायला लागलं की थांबते."

"माझी बोलूच देत नाही." ते थोडं हसले. "गणपती पेठेच्या तोंडाशी माझं चष्म्याचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसतं. तुला वेळ असेल तेव्हा येशील? मला बोलायला शिकव. तू सांगशील तसं करीन."

बापाच्या वयाचा माणूस असं सरळ मागणं करतो म्हटल्यावर नाही म्हणवेना. मी गेले, आणि मग जातच राहिले.

दुकान अरुंद आणि लांबोडकं. पुढे काचेची कपाटं, मध्ये डोळे तपासायची खुर्ची आणि भिंतीवर अक्षरांचा तक्ता. मागे पडदा, आणि पडद्याआड काचा घासायचं चाक. तिथं मगदूमकाकू बसायच्या. नंबरची काच फ्रेमच्या मापाला घासून द्यायचं काम त्यांचं. काम असलं की चाकाची घर्रघर्र चालायची, नसलं की त्या आहेत हेही कळायचं नाही. मला पहिल्या दिवशी त्यांनी भाजके शेंगदाणे आणि गूळ आणून दिला, काही न बोलता.

काका मला तपासणीच्या खुर्चीत बसवायचे आणि आपण तक्त्यापाशी उभे राहायचे. मी हर्डीकर सर व्हायचं.

"गिऱ्हाइकाशी बोलताना तुमचा आवाज जात नाही," मी एकदा म्हटलं. "मग वर्गातच कसा जातो?"

"गिऱ्हाईक परीक्षा घ्यायला येत नाही गं. तिथं मी त्याची परीक्षा घेतो."

त्यांची खोड मला लवकरच कळली. भीती होती ती होतीच, पण त्याहून वाईट म्हणजे त्यांना सगळंच सांगायचं असायचं. चोरीचा खटला असला तर चोराचं घर कसं, बायको आजारी होती का, मालक किती दुष्ट, इथपासून सुरुवात. त्या गर्दीत मुद्दा सापडायचा नाही, मग ते घाबरायचे आणि गप्प व्हायचे.

"काका, विचारलं तेवढंच."

"पण त्यानं चोरी का केली ते सांगायला नको?"

"विचारलंय का?"

"नाही."

"मग नको."

ते मान हलवायचे, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. त्यांची चिकाटी अशी की मलाच कंटाळा यायचा. भिंतीवर नव्या फ्रेमांच्या जाहिरातींमध्ये एका मुलीचा फोटो होता, चष्मा लावलेला, ओठ मिटून हसणारी. मी एकदा विचारलं.

"आमची त्रिशला," काका म्हणाले. "नवीन फ्रेम आली की आधी तिच्या नाकावर ठेवून बघायचो. तिला शोभली की विकली जायची."

"कुठं असतात त्या?"

"सासरी दिली होती." आणि लगेच, "हां, विचार पुढचा प्रश्न."

कायदा कशाला शिकताय, असं मी विचारलं होतं तेव्हा ते म्हणाले होते, एक कोर्टाचं काम आहे, वकिलांवर किती दिवस अवलंबून राहायचं. जागामालकाशी भाड्याचा काही वाद असेल असं मी धरून चालले. निम्म्या सांगलीची असली प्रकरणं कोर्टात पडलेली असतात.

एक दिवस काका बँकेत गेले होते. काकू पडदा सारून बाहेर आल्या. उंच, सडपातळ बाई. हाताला काचेची पांढरी भुकटी.

"ते बोलतील का गं आता?"

"बोलतील की. पुष्कळ सुधारलेत. वर्गात आता..."

"वर्गात नव्हे. कोर्टात."

"आधी पास व्हायला पाहिजे काकू. मग सनद मिळेल. मग बोलतील."

"एवढा वेळ कुणी थांबणार आहे का," त्या म्हणाल्या आणि पडदा पुन्हा पडला. चाक सुरू झालं.

दिवाळीनंतर एका सकाळी सरांनी एकेचाळीस नंबर पुकारला आणि काका बोलले. अडखळत बोलले, एका ठिकाणी थांबले, पण मान खाली घातली नाही. सर "ठीक" म्हणाले. सरांचं "ठीक" म्हणजे दुसऱ्याची शाबासकी. त्या दुपारी काकांनी मला कचोरी खायला घातली आणि स्वतः खायला विसरले. पुढे त्यांचा नंबर आला की मागचे बाक हसायचे बंद झाले. दुसऱ्या वर्षी तर असं झालं की प्रश्न अवघड असला म्हणजे सर आधी माझ्याकडे बघायचे, मग खिडकीकडे.

दुसऱ्या वर्षीचीच गोष्ट. सर फौजदारी खटला कसा चालतो ते शिकवत होते. मध्येच थांबून म्हणाले, "तेरदाळे, समजा एखाद्याच्या घरचं माणूस मारलं गेलं. तो स्वतः कोर्टात उभा राहून खटला चालवू शकतो का?"

"नाही सर."

"कारण?"

"खटला सरकारचा असतो. चालवायचा सरकारी वकिलांनी. फिर्यादी हा फक्त साक्षीदार. त्यानं आपला वकील दिला तरी तो सरकारी वकिलांच्या हाताखाली राहतो. फार तर शेवटी आपलं म्हणणं लिहून देऊ शकतो."

"चांगलं."

मी बसते न बसते तोच काका उभे राहिले. कुणी न पुकारता ते उभे राहिल्याचं मी पहिल्यांदाच बघत होते.

"सर, आणि समजा तो माणूस स्वतःच वकील झाला तर?"

"त्याच खटल्यात तो साक्षीदार असेल, तर त्याला तिथं वकील म्हणून उभं राहता येणार नाही."

"मग त्यानं बोलायचं कधी?"

"साक्षीदाराच्या पिंजऱ्यात," सर म्हणाले. "आणि तिथं काय करायचं ते तुम्हाला मी सांगायला नको. विचारलं तेवढंच."

वर्ग हसला, कारण ते सरांचं ठेवणीतलं वाक्य होतं. काका बसले. त्या दुपारी मी दुकानात गेले तर म्हणाले, आज डोकं दुखतंय, उद्या ये. चाक चालू नव्हतं.

त्यानंतर ते येत राहिले, अभ्यासही करत राहिले, पण दुकानात प्रश्नोत्तरं थांबली. मीही परीक्षेच्या मागे लागले. तिसऱ्या वर्षाच्या थंडीत ते अचानक वर्गात दिसेनासे झाले. दुकानाला कुलूप. शेजारच्या घड्याळवाल्यानं सांगितलं, बाहेरगावी गेलेत, कामाला. मधे एकदा येऊन गेले म्हणे, पुन्हा गेले.

आले ते एका सोमवारी. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा, नेहमीसारखे खिडकीपाशी बसले. मी हात केला, त्यांनीही केला.

सरांनी आदल्या आठवड्यात एक निकाल वाचायला दिला होता. एक विवाहिता विहिरीत बुडून मेली, नवऱ्यावर खटला झाला आणि कोर्टानं त्याला निर्दोष सोडलं. सर वर्गाला बाजू नेमून द्यायचे. तुमचं मत काय, असं कधी विचारायचे नाहीत. मत घरी ठेवून या, म्हणायचे.

"एकेचाळीस. बऱ्याच दिवसांनी आलात. निकाल वाचलात?"

"काल वाचला सर."

"मग आरोपीच्या बाजूनं बोला. कोर्टानं सोडलं ते बरोबर कसं?"

काका उठले. बाकाला हात टेकला नाही.

"एका मुलीचं लग्न होऊन तीन-चार वर्षं झाली होती," ते म्हणाले. "सकाळी ती पाण्याला विहिरीवर गेली..."

"मुलगी नको," सरांनी थांबवलं. "कोर्टात बोलताय. मयत म्हणा."

काका क्षणभर थांबले.

"मयत," ते म्हणाले.

मग ते जे बोलले, तसं त्या वर्गात कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या बाकापर्यंत जात होता. मयत हिला विहिरीत पडताना कुणी पाहिलेलं नाही. घागर तळाशी सापडली, म्हणजे ती पाण्याला गेली होती हे धरावं लागतं. काठावर शेवाळ होतं असं पंचनामाच म्हणतो. मनगटावर भाजल्याचे जुने डाग होते, पण डॉक्टर म्हणतात, असे डाग चुलीपाशी काम करतानाही पडतात. शेजारी म्हणतात, भांडण कधी ऐकलं नाही. शेजारी खोटं बोलत असतील, पण खोटं बोलतात हे कुणी दाखवलेलं नाही.

"राहिला संशय," काका म्हणाले. "बापाला संशय आहे. तो असणारच. पण संशय कितीही मोठा झाला तरी त्याचा पुरावा होत नाही. तो ज्याच्या मनात असतो त्याच्या मनातच वाढत राहतो."



"आणि छळाचं काय?" सरांनी विचारलं. ते आता खुर्चीतून पुढे झुकले होते. "छळ सिद्ध झाला असता तर?"

"तर गोष्ट वेगळी झाली असती. लग्नाला अजून सात वर्षं झाली नव्हती. छळ झाला एवढं जरी दाखवता आलं असतं, तरी मरणाला नवराच जबाबदार असं धरून चालायची मुभा कायदा कोर्टाला देतो. पण छळ सांगणारं कुणीच नाही. मयत हिनं माहेरी कधी तक्रार केली का, असं बापाला विचारलं. तो नाही म्हणाला."

सरांनी समोरचं पुस्तक चाळलं. "बापाला असं विचारल्याचं या निकालात कुठं आहे?"

काकांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. "नसेल सर. मला वाटलं, आहे."

"असो. पुढे."

"पुढे काही नाही. म्हणून आरोपीला सोडलं. सोडायलाच पाहिजे होतं."

ते बसले. कुणीतरी बाक वाजवला आणि सगळा वर्ग बाक वाजवायला लागला. फौजदारसाहेबसुद्धा. सरांनी थांबवलं नाही. "याला उत्तर म्हणतात," ते म्हणाले. "तेरदाळे, ऐकलंत ना?"

ऐकलं होतं. थोडं वाईटही वाटलं, कारण असं मला कधी बोलता आलं नव्हतं. आणि छाती भरूनही आली, कारण तो माणूस माझ्या हाताखालून गेला होता.

तास सुटल्यावर बघते तर काका निघून गेलेले. मी सायकल काढली आणि तडक दुकान गाठलं. कुलूप निघालं होतं, पण काका पोचले नव्हते. काकू पडदा सारून बसल्या होत्या. समोर चाक, हातात कुणाची तरी काच.

"काकू, आज काका काय बोलले म्हणून सांगू. सगळ्या वर्गानं बाक वाजवले. हर्डीकर सर कुणाला असं म्हणत नाहीत, ते म्हणाले..."

"कुणाच्या बाजूनं बोलले?"

"आरोपीच्या. म्हणजे सरांनीच तशी बाजू दिली होती."

काकूंनी काच खाली ठेवली.

"तिथंही," त्या म्हणाल्या.

मला कळेना. त्यांनी हातानं खुणावलं, तशी मी पायरीवर टेकले. मग त्यांनी सांगितलं. रडल्या नाहीत. त्यांचा स्वर असा होता की जणू कुणाच्या चष्म्याचा नंबर सांगतायत.

त्रिशला सासरच्या विहिरीत सापडली, त्याला चार वर्षं होत आली होती. सासरचे म्हणाले, पाय घसरला. काकांनी मनगटं पाहिली आणि जावयावर फिर्याद दिली. दुसऱ्या जिल्ह्यातल्या कोर्टात खटला रेंगाळत राहिला. वकिलांचं काही कळेना, म्हणून काका कायदा शिकायला निघाले. आपण स्वतः उभं राहून विचारू त्या माणसाला, असं काकूंना सांगायचे. ते होत नाही हे कळलं, त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत. शेवटी गेल्या महिन्यात साक्षीला उभे राहिले. आणि गेल्या शुक्रवारी निकाल लागला, जावई सुटला.

"सरकारी वकिलांनी आदल्या दिवशी बसवून सांगितलं होतं," काकू म्हणाल्या. "म्हणाले, समोरचे वकील विचारतील, मुलीनं त्रासाचं कधी सांगितलं का. तुम्ही हो म्हणा. बाकीचं मी बघतो. एक हो म्हणायचं होतं."

"आणि काका?"

"नाही म्हणाले. मी तिथंच बाकावर बसले होते. एवढ्या मोठ्यानं म्हणाले की बाहेरच्या शिपायाला ऐकू गेलं असेल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "चांगलं शिकवलंस तू त्यांना. आधी त्यांचा आवाज फुटत नव्हता."

त्यात टोमणा नव्हता. असता तर मला बसायला सोपं गेलं असतं.

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "पण काकू, तिनं सांगितलंच नव्हतं तर ते तरी..."

"सांगितलं होतं," काकू म्हणाल्या. "मला."

रस्त्यावरून एक हातगाडी गेली. ती लांब जाईपर्यंत त्या थांबल्या.

"पंचमीला आली होती. स्वयंपाकघरात बाह्या वर करून दाखवलं तिनं. मी म्हटलं, आप्पांना नको सांगू, त्यांचा जीव हळवा आहे. थोडं सोस. एक मूल झालं की निवळतात माणसं. माझंही सुरुवातीला असंच होतं म्हटलं, सासूचं. मी हळद लावली आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसवून दिलं."

"पोलिसांना सांगितलं नाही?"

"जबाब घ्यायला आले तेव्हा हे शेजारी बसले होते. मला विचारलं, तुम्हाला काही म्हणाली होती का. मी नाही म्हटलं. त्यांच्यासमोर कसं सांगू, की ती सांगत होती आणि मीच तिला परत धाडली? पुढं कोर्टात मला कुणी बोलावलंच नाही. मी मनाशी म्हटलं, हे हो म्हणतील. ते खोटंही झालं नसतं. त्यांना माहीत नव्हतं, एवढंच."

त्यांनी पदरानं हाताची भुकटी पुसली. मग विचारलं, "आता मी जाऊन सांगितलं तर चालेल का?"

"नाही काकू," मी म्हटलं.

उत्तर आधी आलं, आणि त्याच्यामागून कारणंही आली, एकामागून एक, न अडखळता. निकाल लागलाय. अपील करायचं तर सरकारनं करायचं, आणि ते झालेल्या पुराव्यावरच चालतं. शिवाय तुमच्या जबाबात नाही असं आहे. आता हो म्हटलं तर विचारतील, इतकी वर्षं गप्प का होता. कुणी विश्वास ठेवणार नाही. यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. काकू नीट ऐकत होत्या. मधूनमधून मान हलवत होत्या, वर्गातल्या एखाद्या मन लावून ऐकणाऱ्या मुलीसारख्या.

"तू हुशार आहेस," शेवटी त्या म्हणाल्या, आणि बाहेर चपलांचा आवाज आला तसा त्यांनी पडदा ओढून घेतला.

काका आत आले. मला पायरीवर बघून थबकले. पडद्याकडे नजर टाकली.

"सांगितलं तिनं?"

मी मान हलवली. ते तपासणीच्या खुर्चीत बसले. आत चाक सुरू झालं.

"ती माझ्याशी बोलत नाही शुक्रवारपासून," ते म्हणाले. "तिचं बरोबर आहे. निकालही बरोबर आहे, मी आज बोललो ते काही नाटक नव्हतं. मी न्यायाधीश असतो तर हाच निकाल दिला असता. आणि जावयानंच त्रिशलाला घालवलं, हेही मला माहीत आहे. दोन्ही एकाच डोक्यात ठेवायचं म्हणजे फार जड जातं गं."

"काका, तुम्ही हो का नाही म्हणालात?"

ते आपल्या तळव्यांकडे बघत बोलायला लागले.

"दर रविवारी मी तिला फोन करायचो. त्यांच्या शेजारच्या किराणा दुकानात. विचारायचो, कशी आहेस. ती म्हणायची, बरी आहे आप्पा. दर वेळी तेच. शेवटच्या रविवारीही. तिचं म्हणून माझ्याकडे तेवढंच राहिलंय, बरी आहे आप्पा. तेही मीच बदलून सांगायचं? ती तसं म्हणालीच नाही, असं म्हणायचं?"

मी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं.

"आमच्या घरात तिनं कुणापाशी एक शब्द जरी काढला असता, तर मी त्या पिंजऱ्यात उभा राहून आकाश डोक्यावर घेतलं असतं. पण नाही काढला. पोर सगळं गिळून गेली."

पडद्याआड चाक थांबलं.

"हो ना गं?" काकांनी मला विचारलं. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. कुणीतरी सांगावं, एवढंच. "नसेलच सांगितलं कुणाला. नाहीतर मला कळलं नसतं?"

"हो काका," मी म्हटलं. "नसेलच सांगितलं."

थोड्या वेळानं चाक पुन्हा सुरू झालं. मी सायकल घेऊन हॉस्टेलवर आले.

काका परीक्षेला बसले आणि पास झाले. मार्क माझ्याहून जास्त. सनद मात्र घेतली नाही. सरकारनं अपील केलं नाही. मी पुढे सोलापूरला प्रॅक्टिस सुरू केली, लग्न झालं, कामं वाढली. सांगलीला गेले की दुकानात डोकावायचे. काका चहा मागवायचे, माझ्या खटल्यांची हकीकत विचारायचे आणि मी फाफटपसारा लावला की हसायचे. काकू बाहेर येऊन बसायच्या. ती दोघं एकमेकांशी बोलत असत, दळण आणलं का, लाइटबिल भरलं का. त्या सकाळचा विषय ना काकूंनी काढला, ना मी.

काका गेल्याचं मला उशिरा कळलं. मी पोचले तेव्हा पाहुणे निघून गेले होते. काकू एकट्याच होत्या, वरच्या माडीवर, खिडकीत. बऱ्याच वाकल्या होत्या. मी शेजारी बसले.

"दवाखान्यातून घरी आणलं होतं," त्या म्हणाल्या. "शुद्ध चांगली होती. डॉक्टर म्हणाले, आता काही दिवस. मग मी त्यांना सांगितलं."

"काय?"

"त्रिशलाचं. पंचमीचं."

मी त्यांचा हात धरला. हात हलका होता.

"सगळं सांगितलं. हळद लावली, गाडीत बसवली, जबाबात नाही म्हटलं, सगळं. म्हटलं, आता काय बोलायचं ते बोला."

"काय म्हणाले?"

काकू खिडकीबाहेर बघत होत्या. खाली रस्त्यावर शाळा सुटली होती.

"डोळे मिटून पडले होते. मला वाटलं, ऐकलंच नाही. मग माझ्या दंडावरून हात फिरवला आणि म्हणाले, एवढी वर्षं हे तू एकटीनंच वागवलंस होय."

"आणि?"

"आणि काही नाही. पाणी मागितलं." "मी शिव्या खायची तयारी करून बसले होते गं. एक शिवी जरी दिली असती, तरी मला रडता आलं असतं."